हवेला पारखा जंतू
धनुर्वाताच्या जंतूने दाद दिली ती हवा दूर ठेवल्यावरच. चांगले सूक्ष्मदर्शक आधीही होते. 1884 मध्ये संशोधक निकोलायरने माती टोचून प्राण्यांत हा रोग घडवला, जंतू पाहिलाही. पण सोबतच्या इतर जंतूंपासून तो वेगळा काढता येईना. 1889 मध्ये बर्लिनला, जंतुशास्त्रज्ञ कॉखच्या प्रयोगशाळेत, संशोधक कितासातोने जंतूंचे ते मिश्रण 80 अंश सेल्सिअसला तापवले. बाकीचे मेले, चिवट बीजाणू तगले. ते त्याने हवेऐवजी हायड्रोजनमध्ये वाढवले. कुणी म्हणेल, दातखीळ आणि ताठरलेली पाठ वैद्य पूर्वापार ओळखतच होते. खरे आहे, आजही निदान मुख्यतः लक्षणांवरूनच होते. पण नुसत्या ओळखीतून उपाय निघत नव्हता. शुद्ध जंतू हाती आला आणि 1890 मध्येच कितासातो व त्याचा सहकारी बेरिंग यांनी दाखवून दिले, की प्रतिकारक्षम केलेल्या सशाचे सीरम उंदरांना धनुर्वातापासून वाचवते.