फ्लॅटच्या फाईलमधला इतिहास

स्मरणिका समितीचा आग्रह झाला, ‘तुम्ही आयुष्यभर बँकेत होतात, घरांच्या व्यवहारांवर काहीतरी लिहा.’ म्हणून हा लेख. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण जुनी आहे. शहरात राहणाऱ्यांनी तिला ‘आणि फ्लॅट पाहावा विकून’ अशी पुस्ती जोडायला हरकत नाही. गेल्या २५ वर्षांत आपल्याकडचे बरेच फ्लॅट विकले गेले. घेणारा असो की विकणारा, दोघांच्या तोंडी एकच वाक्य ऐकलं : “किती हे कागद!”

कर्ज विभागात असताना हीच फाईल मी टेबलाच्या पलीकडून पाहिली आहे. त्यावरून एक सांगतो. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक कागद कोणीतरी कधीतरी फसल्यावर किंवा अडल्यावर जन्माला आलेला आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीत मुंबईत घर विकत घेण्याची फारशी पद्धत नव्हती. चाळीत भाड्याने राहायचं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी साधारण सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरू वाचले, पण भाड्यासाठी नवी घरं बांधण्यात मालकांना रस उरला नाही. मग खोली हवी तर पागडी मोजा. कायद्याच्या लेखी पागडी घेणं गुन्हा, त्यामुळे पावती नाही आणि पावती नाही म्हणून दादही नाही. पागडीला कायद्याने मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

दुसरी वाट सहकाराची. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. सभासदांनी एकत्र यायचं, जमीन आणि इमारत दोन्ही सोसायटीच्या नावावर. पुढे बिल्डर आले आणि क्रम उलटा झाला. आधी बिल्डर इमारत बांधणार, फ्लॅट विकणार, सोसायटी त्यानंतर. या मधल्या काळात घेणाऱ्याच्या हातात काय? पैसे दिल्याचा एखादा कागद. नकाशा परस्पर बदलायचा, एकच फ्लॅट दोघांना विकायचा, जमीन सोसायटीला द्यायचीच नाही, असे प्रकार होऊ लागले, तेव्हा १९६३ चा ‘मोफा’ आला. करार नोंदवण्याआधी किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही, मंजूर नकाशे दाखवायचे, सोसायटी स्थापून द्यायची आणि जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायचं, ही बंधनं त्याने घातली. २०१७ पासून ‘रेरा’ आला. आता करारापूर्वी १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही आणि क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगावं लागतं. ‘सुपर बिल्ट-अप’च्या नावाखाली जिन्याचे आणि लॉबीचे चौरस फूट मोजून पैसे भरलेली आमची पिढी, आम्हाला त्याची किंमत जास्त कळते.

मुद्रांक शुल्काचीही अशीच गोष्ट. एके काळी फ्लॅटचे करार पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर होत. १० डिसेंबर १९८५ पासून ताबा देणाऱ्या अशा करारांना खरेदीखतासारखं शुल्क लागू झालं. ज्यांनी तेव्हा ते भरलं नाही, त्यांच्या मुलांना फ्लॅट विकताना ते आडवं येतं. राज्य सरकारने डिसेंबर २०२३ पासून मुद्रांक शुल्काची अभय योजना काढली, तिच्यात १९८० पासूनचे दस्त घेतले होते, यावरूनच हा गुंता किती जुना आहे ते लक्षात यावं.

आता पैशांचं. १९७७ मध्ये एच.डी.एफ.सी. स्थापन झाली, तोवर सर्वसामान्य नोकरदाराला गृहकर्ज ही गोष्ट जवळपास ठाऊक नव्हती. प्रॉव्हिडंट फंड, बायकोच्या बांगड्या आणि सासऱ्यांकडून हातउसने, यावर घरं झाली. कर्ज सोपं झालं तशी बँक हीच फाईलची सर्वांत कडक परीक्षक झाली. त्यात बँकेचा आडमुठेपणा कमी आणि स्वार्थ जास्त. कर्ज बुडालं तर तो फ्लॅट विकता आला पाहिजे. म्हणून बिल्डरपासून शेवटच्या मालकापर्यंत सगळ्या करारांची साखळी सलग हवी. एकच फ्लॅट दोन बँकांकडे तारण ठेवण्याचे उद्योग झाले, म्हणून २०११ पासून तारणांची केंद्रीय नोंद सुरू झाली. उलट बाजूने, कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत मिळवायला लोकांना हेलपाटे पडत. डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने ३० दिवसांची मुदत घातली आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ज्यांचं कर्ज नुकतंच फिटलं असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं.

सोसायट्याही धुतल्या तांदळाच्या नव्हत्या. ना हरकत पत्रासाठी ‘देणगी’ मागायची आणि ती चौरस फुटावर मोजायची, असं सर्रास चाले. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने हस्तांतरण अधिमूल्याला महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची मर्यादा आली. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने १५ दिवसांची सूचना द्यायची, ना हरकत पत्र सक्तीचं नाही. बँका मात्र ते मागतात, म्हणून ते वेळेत देणं हे कमिटीचं काम.

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच सोसायटीतली एक हकीकत सांगतो, त्या घरच्यांना विचारून आणि नाव न घेता. काका गेले. काकूंना मुलाकडे बंगळुरूला जायचं होतं, गुडघ्याचं ऑपरेशनही होतं. फ्लॅट विकायला काढला, गिऱ्हाईक मिळालं, टोकन झालं. पण काकांनी तो रिसेलमध्ये घेतलेला. बिल्डर आणि पहिला मालक यांच्यातला मूळ करार सापडेना, नुसती झेरॉक्स. शिवाय शेअर सर्टिफिकेटवर एकट्या काकांचं नाव. नॉमिनी काकू होत्या, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर कायदाच सांगतो की वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद. मुलगा आणि नाशिकची मुलगी, दोघांनी हक्कसोड पत्र नोंदवलं. करार गहाळ झाल्याची पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत आणि इंडेक्स टू. पाच महिने गेले. गिऱ्हाईक थांबलं नाही. दुसऱ्याला कमी भावात द्यावा लागला. ऑपरेशन तोवर लांबलं. फसवलं कोणी नव्हतं. फक्त एक कागद जागेवर नव्हता.

आता आपल्या सगळ्यांचा विषय. २५ वर्षं झाली, तरी आपल्या इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर नाही. प्रॉपर्टी कार्डावर आजही मूळ जमीनमालकाचंच नाव आहे. बिल्डरला पत्रं लिहून झाली, भेटून झालं. हल्ली फ्लॅट बघायला येणारा पाण्याच्या आधी हाच प्रश्न विचारतो, “कन्व्हेयन्स झालंय का?” उद्या पुनर्विकासाची वेळ आली की हा प्रश्न आणखी मोठा होईल, कारण जमीन नावावर नसेल तर बोलणी करायची कशाच्या जोरावर?

यावर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय करून ठेवली आहे. बिल्डर येवो न येवो, सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. सुनावणी होते आणि कागद बरोबर असतील तर आदेश मिळतो. त्यासाठी मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, सभासदांची यादी हे समितीने जमवलं आहे. अडलंय ते सभासदांच्या नोंदणीकृत करारांसाठी. ४८ फ्लॅटपैकी ३१ जणांचे करार आणि इंडेक्स टू आले, १७ जणांचे यायचे आहेत. कुणाचा बँकेत आहे, कुणाचा गावच्या कपाटात, कुणी म्हणतात, “बघू सवडीनं.”

सवड काढलीच पाहिजे. बँकेत असेल तर प्रत मागून घ्या, हरवला असेल तर आत्ताच निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. विकायची घाई नसताना हे काम निम्म्या त्रासात होतं. त्याच खेपेला नॉमिनेशन तपासा आणि जमलं तर मृत्युपत्रही करून टाका. मुलं पुण्यात असोत की परदेशात, कुठला कागद कुठे आहे ते त्यांना सांगून ठेवा.

उरलेले १७ करार या वर्षात आले की अर्ज लगेच दाखल करता येईल. झेरॉक्स काढण्यासाठी मी रोज संध्याकाळी सहा ते सात सोसायटीच्या ऑफिसात बसतो. फाईल घेऊन या.