ज्याची चूक, तोच पंच

शाळेच्या पटांगणात हुतूतू रंगलेला असतो. चढाई करणारा गडी परत जातो. त्याचे बोट कुणाला लागले की नाही, ते गुरुजींना दिसलेले नसते. तेवढ्यात एक पोरगा हात वर करतो, "गुरुजी, मला लागलं. मी बाद." लगेच त्याचे सोबती चिडतात, "कशाला सांगितलंस?"

हा सवाल फार जुना आहे. शहरातल्या क्लबांत पूल आणि स्नूकर हे खेळ हिरव्या कापडाने मढवलेल्या टेबलावर खेळतात. लांब काठीने चेंडू ढकलायचे; त्या काठीला क्यू म्हणतात. स्नूकर तर आपल्याच देशात जन्मला. १८७५ साली जबलपूरच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तो सुरू केला. नेम धरताना सदऱ्याची बाही पांढऱ्या चेंडूला नुसती लागली, तरी तो फाउल. स्नूकरमध्ये त्याचे निदान ४ गुण समोरच्याला मिळतात. पण बाहीचा स्पर्श पंचाला दिसेलच असे नाही, आणि पुष्कळदा पंच नसतोच. कळते ते फक्त खेळणाऱ्याला. म्हणून रीत अशी, की ज्याचा फाउल त्यानेच सांगावा.

ही रीत पाळताना काय गमवावे लागते? त्याचा दाखला गोल्फच्या इतिहासात आहे. कारण तेथेही आपल्या चेंडूजवळ खेळाडू बहुधा एकटाच असतो. या खेळात ज्याचे फटके कमी, तो जिंकतो.

१९२५ साली अमेरिकेत वूस्टर येथे राष्ट्रीय खुली स्पर्धा चालली होती. बॉबी जोन्स हे नामांकित हौशी खेळाडू दाट गवतात पडलेला चेंडू मारायला उभे राहिले, आणि चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी ते पाहिले नव्हते. पंचांनी समजावून पाहिले, पण जोन्स यांनी स्वतःवर एका फटक्याचा दंड घेतलाच. चार फेऱ्यांअखेर ते आणि विली मॅक्फर्लन बरोबरीत आले. तो एक फटका नसता, तर स्पर्धा तेथेच जोन्स यांची होती. पुढे बरोबरी सोडवण्यासाठी दोन जादा फेऱ्या झाल्या, आणि जोन्स एका फटक्याने हरले!

लोकांनी वाहवा केली, ती त्यांना रुचली नाही. बँक लुटली नाही म्हणून कुणाची पाठ थोपटतात का, असा त्यांचा सवाल असल्याचे सांगतात. पुढे १९३० साली त्यांनी एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९५५ सालापासून अमेरिकेची गोल्फ संघटना खिलाडूवृत्तीसाठी त्यांच्याच नावाने पुरस्कार देत आली आहे.

शिक्षकबंधूंनो, आता आपल्या त्या पोराकडे वळू. हात वर केला म्हणून त्याचा सत्कार नको. त्याने खेळाचा नियम पाळला, एवढेच. पण "कशाला सांगितलंस?" म्हणणाऱ्या सोबत्यांना मात्र खेळ थांबवून, जवळ बोलावून दोन शब्द सांगा. ते आज गप्प राहिले, की उद्या दुसरा पोरगाही न कचरता हात वर करील.