पंधराव्या क्रमांकाचा निरोप

संगणक सुरू करणे म्हणजे कळ दाबणे, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. कळ दाबली, पडदा उजळला, की आपण कामाला लागतो. या दोहोंमधल्या क्षणांत यंत्राच्या पोटात काय चालले असेल, याचा विचार आपण एकाच वेळी करतो. पडदा उजळत नाही तेव्हा! अशाच एका रुसलेल्या यंत्राची हकीकत मी वाचकांना सांगणार आहे. ती हॉलंडमधली, ॲम्स्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीतली आहे, आणि तिचा नायक माझ्याच पेशाचा, म्हणजे मास्तर आहे.

अँड्र्यू टॅनेनबॉम हे त्यांचे नाव. जन्माने अमेरिकन, पण १९७१ पासून हॉलंडमध्ये स्थायिक झालेले. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा सगळा संसार चालवणारी मूळ आज्ञावली, हा त्यांचा शिकवण्याचा विषय. त्या काळी या विषयात एकच नाव सर्वांच्या तोंडी होते, ते ‘युनिक्स’चे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला, आणि पुढे काही वर्षे विद्यापीठांतून ती ओळ न् ओळ वाचली जात असे. सिडनीच्या जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकांनी तर तिच्यावर ज्ञानेश्वरीवर टीका लिहावी तशी टीका लिहिली! परंतु १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली आणि मालक कंपनीने परवान्यात कलम घातले की, यापुढे हा मजकूर वर्गात शिकवायचा नाही. मास्तरांची पंचाईत झाली. पाककृतीचे पुस्तक वाचून दाखवायचे, पण स्वयंपाकघराला कुलूप!

टॅनेनबॉमांनी ठरवले, कुलूप त्यांचे तर चूल आपली. वागण्यात हुबेहूब युनिक्ससारखी, पण तिची एकही ओळ न उचललेली अशी नवी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांनी फावल्या वेळात स्वतः लिहायला घेतली. तिचे नाव ‘मिनिक्स’. ती आयबीएमच्या घरगुती संगणकावर चालावी, म्हणजे कोणाही विद्यार्थ्याला ती उघडून पाहता येईल, एवढीच त्यांची आकांक्षा.

आता हे काम किती अवघड, ते थोडे सांगितले पाहिजे. वीज आली की या संगणकाचा मेंदू, म्हणजे इंटेलची ८०८८ ही चिप, एका ठरलेल्या जागेवरून पहिली आज्ञा उचलते. तिथे कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली असते. ती चकतीवरचा पहिला ५१२ अक्षरांचा तुकडा आत घेते, तो तुकडा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आत ओढतो, आणि गाभा मग बाकीचे बिऱ्हाड मांडतो. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याची जी अशक्य कल्पना इंग्रजीत आहे, तिच्यावरून या क्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. या साखळीत कुठे चूक झाली तर ती कळायची कशी? चूक सांगणारी आज्ञावलीच कोसळलेली असते. खुनाचा तपास करायचा आणि एकमेव साक्षीदार तोच मयत!

मिनिक्सचे दुखणे तर याहूनही खट्याळ. यंत्र सुरू होई, शहाण्यासारखे चाले, आणि तासाभराने एकाएकी मान टाकी. कारण नाही, क्रम नाही. आज या कामात, उद्या त्या कामात. पुन्हा चकती घाला, पुन्हा सुरू करा, पुन्हा वाट पाहा. आपल्याच लिखाणात कुठेतरी चूक आहे, असे समजून टॅनेनबॉमांनी ते पुनःपुन्हा तपासले. चूक सापडेना. सारा उद्योग सोडून द्यावा, या टोकाला ते येऊन पोहोचले.

तेव्हा रॉबर्ट व्हान रेनेस नावाचा त्यांचा एक विद्यार्थी सहज म्हणाला की, ही चिप फार तापली की ‘इंटरप्ट १५’ देते, असे त्याने ऐकले आहे.

इंटरप्ट म्हणजे काय? आपल्या घरातली गृहिणी करंज्या तळते आहे आणि दारावरची बेल वाजते. ती झारा ठेवते, दार उघडते, आणि परत येऊन त्याच करंजीपासून पुढे सुरू करते. या चिपला अशा २५६ बेला आहेत, आणि कुठली वाजली की कुठल्या दाराकडे जायचे याची यादी स्मृतीच्या अगदी आरंभी लिहिलेली असते. ज्या बेलेपुढे धड पत्ता लिहिलेला नाही तीच वाजली, तर चिप भलतीकडे जाते आणि करंज्या कढईतच जळतात.

पण चिपच्या माहितीपुस्तकात असे काही लिहिलेले नव्हते. अशा वेळी मास्तर माणसाला काय वाटते, ते मी अनुभवाने सांगू शकतो. एकदा फळ्यावर माझेच गणित सुटेना, तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, “सर, तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह राहिलं.” मी आधी त्याला खाली बसवले आणि मग हळूच तिसरी ओळ पाहिली! टॅनेनबॉमांचाही विश्वास बसला नव्हता. पण त्यांनी करून पाहिले. पंधराव्या बेलेपुढे त्यांनी एक पत्ता लिहिला आणि तिथे पडद्यावर उमटण्यासाठी निरोप ठेवला: “नमस्कार. मी इंटरप्ट १५. हा निरोप तुम्हाला कधीच दिसणार नाही.”

यंत्र सुरू केले. आणि तो निरोप पडद्यावर आला!

पुढची दुरुस्ती किरकोळ होती. त्या बेलेचा बंदोबस्त केला आणि मिनिक्स सुरळीत चालू लागले. मात्र सारा दोष एकट्या उष्णतेचा असेल, असे मला वाटत नाही. आयबीएमच्या त्या यंत्रात १५ हा क्रमांक छपाईयंत्राच्या जोडणीला दिलेला होता, आणि तारेवर क्षणभर फसवी थरथर झाली तरी बाहेरच्या बेला सांभाळणारी चिप हाच क्रमांक पुकारी. तापलेल्या यंत्रात अशी थरथर होत असावी, असा माझा आपला तर्क. असो. रेनेसने ऐकलेले कारण अर्धे असो की पुरे, क्रमांक अचूक होता.

जानेवारी १९८७ मध्ये टॅनेनबॉमांचे पाठ्यपुस्तक मिनिक्सच्या छापील मजकुरासह निघाले. सुमारे १२,००० ओळी. कुणीही वाचाव्या, कुणीही वर्गात शिकवाव्या. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते पुस्तक वाचले, १९९१ च्या जानेवारीत नवा संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स चढवले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला, मिनिक्सवाल्यांच्याच चर्चामंडळात, आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे त्याने जाहीर केले. तीच लिनक्स. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा तिचाच आहे. त्या दोघांचे १९९२ मध्ये गाभ्याच्या रचनेवरून कडाक्याचे भांडण झाले, पण ती हकीकत वेगळी.

आणखी एक गंमत सांगतो. २०१७ साली उघडकीस आले की, इंटेलच्या नव्या संगणकांत मुख्य प्रोसेसरच्या आड एक छोटे यंत्र असते आणि ते मिनिक्सवर चालते. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या माणसांनी टॅनेनबॉमांना बारीकसारीक शंका विचारल्या होत्या. पण ते कशासाठी, हे सांगितले नव्हते. टॅनेनबॉमांनी कंपनीला एक खुले पत्र लिहिले. तक्रार पैशांची नव्हती, परवान्याप्रमाणे सर्व रीतसरच होते. एवढेच की, आधी कळवले असते तर बरे वाटले असते.