मराठा पलटण आणि जपान (१९४६-४७) : चित्रफितीचे साधनमूल्य

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, तरी भारतीय सैनिकांची परदेशातील कामगिरी संपली नव्हती. १९४६ साली ब्रिटिश राष्ट्रकुल ताबा सेनेतून जपानला गेलेल्या २६८ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. इटलीतील सेनिओ नदीवरील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नामदेव जाधव याच पलटणीचे होत. पुढे ब्रिगेडचे नेतृत्व के. एस. थिमय्या यांच्याकडे आले.

या ताबा सेनेचे चलतचित्रण ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये जतन करण्यात आले आहे. लष्करी चित्रफिती बहुधा मूक असतात. त्यांतील स्थळ, दिनांक व व्यक्ती यांचा बोध कॅमेरामनच्या टिपणावरून होतो. त्या टिपणांत अधिकाऱ्यांची नावे येतात. शिपाई मात्र बहुधा अनामिकच राहतो. स्वतः पारतंत्र्यात असलेला शिपाई जित राष्ट्रात पहारा देतो, हा विरोधाभास दृश्यात दिसतो. त्याविषयी त्याचे मत मात्र ऐकू येत नाही.

म्हणून चित्रफीत हा स्वयंपूर्ण पुरावा न मानता पलटणीच्या नोंदी, पत्रे आणि सैनिक-कुटुंबांतील आठवणी यांच्याशी ती ताडून पाहणे आवश्यक ठरते. १९४७ मध्ये भारतीय तुकड्या मायदेशी परतल्या. त्या पिढीचे साक्षीदार आता विरळ झाले असल्याने हे काम स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी विनाविलंब हाती घ्यावयास हवे.