डिक्शनरीतून नोंद काढली, तरी जागा रिकामी का होत नाही?

पायथनच्या डिक्शनरीतून नोंद काढायला तुम्ही 'डेल' लिहिता किंवा 'पॉप' वापरता. एका ओळीचं काम. पण त्यामागचा पेच पायथनच्या जन्माआधी तीसेक वर्षं पडलेला आहे.

१९५३ मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात हॅशिंगची कल्पना मांडली: नोंदीच्या नावावरून गणित करून तिची जागा ठरवायची, शोधत बसायचं नाही. दोन नावांना एकच जागा आली तर लून त्यांची साखळी करत. १९५७ मध्ये वेस्ली पीटरसन यांनी दुसऱ्या मार्गावर लेख लिहिला. साखळी नको, त्याच तक्त्यात पुढची जागा बघा. हे 'ओपन अ‍ॅड्रेसिंग'. पायथनने हेच घेतलं, कारण साखळीच्या दुव्यांना जादा मेमरी लागते.

आता समजा, नाशिक, सातारा आणि लातूर तिघांनाही पाचवी जागा आली. नाशिक पाचवर बसलं, सातारा सहावर, लातूर सातवर. तुम्ही सातारा पुसलंत. नंतर लातूर शोधताना पाचवर नाशिक दिसतं, सहावर काहीच नाही, आणि शोध थांबतो. लातूर तक्त्यात आहे, पण उत्तर येतं 'नाही'. एररही नाही! संशोधनात याहून वाईट काय असणार?

डोनाल्ड नुथ यांनी १९७३ च्या तिसऱ्या खंडात हा धोका मांडला. पायथनमधला शोध त्याच खंडातल्या अल्गोरिदमवर बेतलेला आहे. सोर्स कोडमधल्या टिपणीतच तसं लिहिलंय, एकदा वाचाच. त्यातला उपाय साधा: काढलेल्या जागी 'डमी' खूण ठेवायची. म्हणजे 'इथं कुणीतरी होतं, पुढे बघा'. २०१२ मध्ये रेमंड हेटिंगर यांनी सुचवलेली आटोपशीर रचना २०१६ मध्ये पायथन ३.६ मध्ये आली, तरी ही खूण राहिलीच.

म्हणून लाख नोंदी काढल्यात तरी डिक्शनरीचा तक्ता लगेच आकसत नाही. नव्या नोंदी घालताना जागा कमी पडली, की तो पुन्हा बांधला जातो आणि तेव्हाच खुणा झडतात.

लूप फिरत असताना नोंद काढलीत तर पायथन ३ अडवतं. जुन्या पायथन २ मध्ये 'कीज' वेगळी यादी द्यायचं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या जुन्या स्क्रिप्ट तिथं चालायच्या, इथं अडतात. पण ही तपासणी मुख्यतः नोंदींची संख्या बघते. लूपमध्ये एक काढून दुसरी घातलीत, तर ती गप्प बसू शकते. त्यापेक्षा ठेवायच्या नोंदींची नवी डिक्शनरी बनवा, आणि किती गळल्या तो आकडा छापून बघा.