औषधांची परीक्षा व निकालाचा काळ

रोग्याच्या रक्तांत जंतूंचा शिरकाव झाला म्हणजे डॉक्टरापुढें दोन प्रश्न एकदम उभे राहतात. हे जंतु कोणते, आणि कोणत्या औषधानें ते हटतील? पहिल्याचें उत्तर काढण्याची विद्या एकोणिसाव्या शतकांत सिद्ध झाली. दुसऱ्याचें काढण्याची विसाव्या शतकांत. परंतु उत्तर मिळणें वेगळें आणि तें वेळेवर मिळणें वेगळें. असा रोग तासांच्या हिशोबानें वाढतो, आणि प्रयोगशाळेचा निकाल दिवसांच्या हिशोबानें येतो. हें अंतर कमी करण्याचा उद्योग आजहि चालू आहे. त्याचा इतिहास औषधांच्या शोधांइतका प्रसिद्ध नसला, तरी त्यांच्याइतकाच मोलाचा आहे.

या परीक्षेचीं साधनें जर्मनींत तयार झालीं. रॉबर्ट कॉक यानें जंतु घन पदार्थावर वाढविण्याची रीति बसविली. प्रारंभीं त्या कामीं जिलेटिन वापरीत. पण उबेंत तें वितळून जाई. कॉकच्या प्रयोगशाळेंतील वाल्टर हेस याची पत्नी फॅनी हिनें १८८१ सालीं अगर हा समुद्रवनस्पतींपासून काढलेला पदार्थ सुचविला. स्वयंपाकांत रस घट्ट करण्याकरितां तो तिच्या नित्य उपयोगांतला होता. १८८७ सालीं ज्यूलियस पेट्री यानें झांकणाची उथळ कांचेची थाळी प्रचारांत आणली. पुढील सर्व इमारत या दोन साध्या वस्तूंवर उभी आहे.

लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिन सांपडलें, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानें पुढें काय केलें, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. त्यानें थाळींतील अगरांत एक चर कापला, पेनिसिलिन मिसळलेलें अगर त्यांत भरलें, आणि चराला काटकोनांत निरनिराळ्या जंतूंच्या रेघा ओढल्या. घटसर्पाच्या व पू करणाऱ्या जंतूंच्या रेघा चरापासून दूरच थांबल्या. विषमज्वराच्या जंतूंची रेघ थेट चराला जाऊन भिडली. औषध सांपडलें त्याच जागीं, तें कोणावर चालतें आणि कोणावर चालत नाहीं याची परीक्षाहि जन्मास आली.

या परीक्षेची निकड लवकरच पटली. ऑक्सफर्ड येथें १९४० सालीं अब्राहम व चेन यांस, पेनिसिलिनचा नाश करणारा एक पदार्थ कांहीं जंतु स्वतःच तयार करतात, असें आढळून आलें. १९४५ सालीं नोबेल पारितोषिक घेतांना फ्लेमिंगनें, अपुऱ्या मात्रेनें जंतु औषधाला दाद देईनासे होतात, असा इशारा दिला. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर हिनें तपासलेल्या पू करणाऱ्या जंतूंपैकीं निम्म्याहून अधिक १९४८ सालीं पेनिसिलिनला जुमानीत नव्हते. औषधाचें नांव ठाऊक असणें आतां पुरेसें राहिलें नाहीं; प्रत्येक रोग्याच्या जंतूला स्वतंत्रपणें विचारणें भाग पडलें.

त्यासाठीं औषधांत भिजविलेल्या टीपकागदाच्या चकत्या निघाल्या. थाळीवर जंतु पसरावे, वर चकत्या ठेवाव्या, रात्रभर उबेंत ठेवावें, आणि सकाळीं चकतीभोवतीं जंतु न उगवलेलें कडें किती रुंद आहे तें पाहावें. युक्ति सोपी खरी. पण प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या मापानें चाले. अगर पातळ असेल तर कडें मोठें पडे, जंतु दाट असतील तर लहान. तोच जंतु एका ठिकाणीं पास, तर दुसऱ्या ठिकाणीं नापास! ही अव्यवस्था अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें बॉअर, कर्बी, शेरिस व टर्क यांनीं १९६६ सालीं एकच निश्चित रीति प्रसिद्ध करून मोडली. अगराची जाडी ४ मिलिमीटर, चकतीचा व्यास ६ मिलिमीटर, उष्णता ३५ अंश, अवधि १६ ते १८ तास, असे नियम आज सर्वत्र पाळले जातात. यामुळें निकाल विश्वासार्ह झाला. पण लवकर येऊं लागला नाहीं.

रोग्याचें रक्त प्रथम पोषक द्रवाच्या बाटलींत ठेवावें लागतें. त्यांत जंतूंची वाढ दिसण्यास बहुधा एक दिवस जातो, थाळीवर त्यांच्या वसाहती उगवण्यास दुसरा, आणि चकत्यांभोवतींचीं कडीं उमटण्यास तिसरा. तोंवर डॉक्टर हातावर हात ठेवून बसूं शकत नाहीं. तो अंदाजानें औषध देतो. अंदाज चुकला तर रोगी दगावण्याचा धोका. आणि चुकूं नये म्हणून सर्वांत जालीम औषध प्रथमच वापरलें, तर त्यालाहि न जुमानणारे जंतु माजण्याचा धोका. निकालाच्या विलंबाची किंमत रोगी देतो, आणि त्याच्यामागून येणारेहि देतात.

वास्तविक आंतड्यांतील कोलाय जंतु अनुकूल स्थितींत सुमारें २० मिनिटांत दुप्पट होतो. औषधाचा परिणाम त्याच्यावर लवकरच घडूं लागतो. पण माणसाच्या डोळ्याला लक्षावधि जंतु एकत्र जमल्यावांचून कांहींच दिसत नाहीं. म्हणून पुढील प्रयत्न डोळ्याला मदत देण्याचे झाले. १९७० नंतरच्या दशकांत द्रवाचा गढूळपणा प्रकाशानें मोजणारीं यंत्रें आलीं. २०१८ सालीं युरोपांतील मापन-समितीनें, रक्ताच्या बाटलींत वाढ दिसतांच तींतील द्रव थेट थाळीवर घेऊन ४, ६ व ८ तासांनीं कडें वाचण्याचे नियम घालून दिले. तीच थाळी, त्याच चकत्या; केवळ नियम नव्यानें ठरविल्यानें एक दिवसाहून अधिक काळ वांचला.

क्षयाच्या जंतूची गोष्ट निराळी. त्याला दुप्पट होण्यास सुमारें २० तास लागतात. त्यामुळें त्याच्या परीक्षेस आठवडेच्या आठवडे जात. तेथें वाढीची वाट पाहण्याऐवजीं जंतूची जनुकेंच वाचण्याचा मार्ग निघाला. रिफाम्पिसिन हें क्षयावरील प्रमुख औषध निष्फळ करणारे फेरफार दोन तासांच्या आंत ओळखणाऱ्या चाचणीस जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० च्या डिसेंबरांत मान्यता दिली. गोव्यांतील एका कंपनीनें तयार केलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या ट्रूनॅट या चाचणीस २०२० सालीं तशीच मान्यता मिळाली. विजेचा भरंवसा नसलेल्या गांवींहि ती चालते. या मार्गाला एक मर्यादा मात्र आहे. ओळखीचा फेरफार सांपडला तर औषध बहुधा चालणार नाहीं, हें कळतें. न सांपडला म्हणून तें चालेलच, अशी खात्री देतां येत नाहीं. जंतूंत अनोळखी वाटाहि असतात.

शेवटीं पुन्हां वाढीकडेच लक्ष वळलें, पण सूक्ष्मदर्शकांतून. ब्रिटनमध्यें २०१४ सालीं जाहीर झालेलें लॉंजिट्यूड पारितोषिक २०२४ सालीं स्वीडनमधील एका यंत्रास मिळालें. रक्कम ८० लक्ष पौंड. त्यांत रोग्याच्या मूत्रांतील जंतु केसाहून बारीक नळ्यांत अडकवितात, निरनिराळीं औषधें सोडतात, आणि कोणाची वाढ खुंटली तें यंत्र पाहतें. पाऊण तासांत निकाल हातीं येतो. परंतु दूषित मूत्राच्या एका मिलिलिटरांत लाखावर जंतु असूं शकतात; रक्ताच्या तेवढ्याच थेंबांत कित्येकदां एखाददुसराच सांपडतो. म्हणून जेथें घाई सर्वांत अधिक, त्या रक्ताच्या परीक्षेला बाटलींतील पहिली वाढ अद्यापि बहुधा चुकत नाहीं.

शिवाय यंत्र कितीहि चपळ असलें, तरी नमुना रात्रभर कपाटांत पडून राहिला, किंवा आलेला निकाल सकाळपर्यंत डॉक्टरास कळविला गेला नाहीं, तर मिळविलेले तास तेथेंच वाया जातात. ते तास वांचविण्यास नव्या शोधाची गरज नाहीं. शिपायापासून डॉक्टरापर्यंत प्रत्येकानें, त्या बाटलीमागें एक रोगी खाटेवर वाट पाहत आहे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.