रंगाआधी भिंत

1897 साली पुण्यात घराला पांढरा रंग लागणं ही हौस नव्हती, सक्ती होती. प्लेगची साथ होती. प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर रँड याच्या हुकमानं गोरे शिपाई घराघरांत शिरत, रुग्ण शोधत, सामान बाहेर काढत, आणि मग भिंतींना चुना फासला जाई. त्या जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो. चुन्याची बादली मात्र धड्यात येत नाही.

सरकारला चुनाच हवा होता, कारण ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यात जंतू तग धरत नाहीत. प्लेगवर त्याचा फारसा उपयोग नव्हता. ही साथ उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरते, हे पॉल-लुई सिमाँनं 1898 साली मांडलं. पण गंमत अशी, की जो चुना सक्तीनं फासला जात होता, तोच लोक दिवाळीच्या आधी स्वतःहून भिंतींना लावत आले होते. त्यांची कारणं वेगळी होती, आणि मला वाटतं जास्त पक्की होती.

चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरतो कळीचा चुना. तो पाण्यात टाकला की फसफसून तापतो आणि विरतो. पातळ करून भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे चुना भिंतीवर नुसता बसत नाही, भिंतीचाच भाग होतो. शिवाय हा थर सच्छिद्र असतो.

हे सच्छिद्र असणं महत्त्वाचं. जुनी घरं दगड-मातीची किंवा चुन्यात बांधलेल्या विटांची. पायाशी ओल अडवणारा थर नाही. जमिनीतलं पाणी भिंतीत चढायचं आणि चुन्याच्या थरातून उडून जायचं. चुना दरवर्षी झिजायचा, हाताला लागायचा, म्हणून दरवर्षी नवा हात द्यायचा.

रंगसुद्धा चुनाच ठरवायचा. त्याच्या अल्कधर्मी स्वभावापुढे बरेच रंग फिके पडतात. गेरू आणि काव टिकतात, कारण त्यांत लोहाचं ऑक्साइड असतं. कपड्यांची नीळही टिकते, म्हणून सफेदीत चिमूटभर नीळ टाकायची. कोकण-गोव्यातल्या देवळांवरची कावी कला याच जोडीवर उभी आहे: तांबडी काव आणि पांढरा चुना.

संरक्षणासाठी लावलेला थरच भिंतीला जाच होतो, याचं मोठं उदाहरण आपल्याकडे अजिंठ्यात आहे. 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं लोरेन्झो चेक्कोनी आणि ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना चित्रं वाचवायला बोलावलं. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा घट्ट बसवला, हे मोलाचं काम. पण चित्रांवर त्यांनी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, पारदर्शक थरही दिला. तेव्हा रंग उजळ दिसले असणार. पुढे तो थर पिवळट-तपकिरी पडला आणि चित्रं झाकोळली. तो काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची अनेक वर्षं गेली.

मग भिंतच बदलली. 1930 च्या दशकात मुंबईत मरीन ड्राइव्हवर काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. सिमेंटच्या भिंतीचा शत्रू वेगळा: बाहेरून सपासप मारणारा पाऊस आणि बारीक तडे. तिच्यासाठी सिमेंटचाच रंग आला. भुकटी पाण्यात कालवायची, भिंत ओली करून लावायची, वर पाणी मारत राहायचं. कुठल्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला ‘स्नोसेम’च म्हणत. घरात डिस्टेंपर आला.

1942 साली, महायुद्धामुळे परदेशी रंग मिळेनासा झाला असताना, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला गट्टू काढला. हळूहळू रंग निवडणं म्हणजे शेडकार्डवर बोट ठेवणं झालं. भिंत कसली आहे, हा प्रश्न मागे पडला.

इमल्शन, म्हणजे आपला प्लॅस्टिक पेंट, यात पॉलिमरचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. कोरड्या, धड सिमेंटच्या भिंतीवर तो उत्तम. ओल चढणाऱ्या जुन्या भिंतीवर तो पाण्याची वाट अडवतो. आतल्या क्षारांचे स्फटिक होतात, फुगे येतात, पोपडे निघतात.

वाईजवळच्या आमच्या घरात हेच चाललंय. भिंती दगड-मातीच्या. एका ठेकेदारानं खालच्या तीन फुटांवर सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी आणि धुता येणारा इमल्शन मारला. दुसऱ्या पावसाळ्यात ओल गिलाव्याच्या वर चढली आणि आजीच्या उशाशी पोपडे पडू लागले. तिला दमा आहे. बाबा म्हणतात, आता वॉटरप्रूफ कोट मारू. आजी म्हणते, सगळं खरवडा आणि चुना लावा. मी आजीच्या बाजूनं आहे. चुन्याचं काम जाणणारा रंगारी शोधावा लागेल, दरवर्षी खर्च येईल, कपड्यांना पांढरं लागेल. पण पाणी कोंडलं म्हणून ते संपत नाही, आणखी वर चढतं.

तुम्हीही यंदा घर रंगवणार असाल, तर दुकानात जाण्याआधी तीन प्रश्न विचारा. भिंत कशाची आहे? पाणी कुठून येतं आणि कुठून बाहेर जातं? आधी काय लावलंय? दुसऱ्या प्रश्नासाठी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतच आहे. आणि जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या थरात ते कितीतरी जास्त असू शकतं.

ही उत्तरं मिळाली की मग शेडकार्ड उघडा.